न्यूरबुर्गरिंग १९५७: फांजिओची अर्धी टाकी आणि ४८ सेकंदांचा हिशेब

चढउतार:

नमस्कार मंडळी. ४ ऑगस्ट १९५७ ची न्यूरबुर्गरिंगवरची जर्मन ग्रां प्री (फॉर्म्युला वनची शर्यत) सिम्युलेटरवर जशीच्या तशी उभी करायची आहे. २२ फेऱ्या, मासेराती २५० एफ गाडी, मध्ये एकदा पिटमध्ये (इंधन भरायच्या आणि टायर बदलायच्या जागी) थांबणं. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे: मासेरातीचा ड्रायव्हर फांजिओ अर्धी टाकी भरून निघाला, पिटमध्ये वेळ वाया गेला, मग हॉथॉर्न आणि कॉलिन्सच्या फेरारी गाठून तो जिंकला. पण हे आकड्यांत बसवायला घेतलं की तीन ठिकाणी अडतं.

१) मध्ये थांबायचंच होतं, तर अर्ध्या टाकीने काय साधलं? थांबण्यात जाणारा वेळ कुठून भरून निघणार होता?

२) फेरारीचे दोघे पुढे होते, गाड्या ठणठणीत होत्या. मग त्यांनी वेळीच वेग का वाढवला नाही?

३) नॉर्डश्लाइफवर (न्यूरबुर्गरिंगच्या जुन्या, लांब ट्रॅकवर) वेळ नेमका कुठे कमावता येतो? सगळीच वळणं जोरात घ्यायला गेलं की गाडी पाच-सहा किलोमीटरच्या आत झाडीत जाते.

शर्यतीचं वर्णन नको, ते भरपूर वाचून झालंय. कारणं हवी आहेत.

पिटबोर्ड:

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. तिसऱ्यावर माझ्यापेक्षा जाणकार इथे आहेत.

आधी अंतर पक्कं करा. त्या वेळची फेरी २२.८१ किमीची. आज नॉर्डश्लाइफ २०.८३ किमी सांगतात, त्यात जुन्या पिटची सरळ, तिच्या टोकाचं वळण आणि पिटच्या मागून परत येणारा रस्ता धरलेला नाही. सिम्युलेटरमध्ये आजचा ट्रॅक घेऊन १९५७ ची वेळ गाठायला गेलात, तर सुरुवातीपासून दोन किलोमीटरचा घोटाळा होईल. २२ फेऱ्या म्हणजे जवळपास ५०२ किमी, साडेतीन तासांची शर्यत.

आता टाकी. १९५७ मध्ये अल्कोहोल मिसळलेलं इंधन चालत होतं, १९५८ पासून त्यावर बंदी आली. अल्कोहोलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच अंतराला जास्त लिटर लागायचं. त्यामुळे टाक्या मोठ्या. २५० एफची मुख्य टाकी ड्रायव्हरच्या पाठीमागे, गाडीच्या शेपटीत. एक लिटर इंधन पाऊण किलोच्या आसपास धरा, म्हणजे शंभर लिटर कमी भरलं की ७५ किलो उतरले, आणि तेही मागच्या चाकांच्या मागे लटकणारे. वजन कमी झालं की चढावर गाडी मोकळी पळते हे उघड आहे. पण खरा फायदा असा की शेपूट हलकी असली की वळणात मागची बाजू कमी ओढली जाते आणि टायर कमी झिजतात. हाच मासेरातीच्या बेताचा दुसरा अर्धा भाग: टायर निम्म्याच शर्यतीपुरते टिकायचे होते, म्हणून मऊ टायर लावता आले. फेरारीने न थांबता जायचं ठरवलं होतं, म्हणजे टाकी काठोकाठ आणि टायर कडक. एका थांब्याच्या बदल्यात मासेरातीला दोन गोष्टी मिळाल्या, हलकी गाडी आणि मऊ रबर. नुसती टाकी अर्धी ठेवून टायर कडकच घेतले, तर तुमच्या सिम्युलेटरमधला हिशेब जमणार नाही.

किती मिळायला हवं होतं? फांजिओ तिसऱ्या फेरीत पुढे गेला आणि बारा फेऱ्या संपेपर्यंत सुमारे ३० सेकंदांची आघाडी झाली. म्हणजे फेरीमागे तीनेक सेकंद. थांबा ठरल्यासारखा झाला असता तर तेवढी आघाडी पुरली असती, थोडंफार मागे पडला असता तर सहज भरून काढलं असतं. पण मागचं चाक बदलताना नट गडगडत गाडीखाली गेला आणि तो सापडेपर्यंत वेळ गेला. बाहेर पडला तेव्हा तो तिसरा, पुढच्या गाडीपासून सुमारे ४८ सेकंद मागे. आधीचे ३० आणि नंतरचे ४८ मिळून ७८ सेकंदांचा फटका. वेग कमी करत पिटमध्ये शिरणं आणि थांबलेल्या गाडीने पुन्हा वेग धरणं यांतला वेळही त्यात आला. सिम्युलेटरमध्ये थांबा लावताना चाकं बदलण्याचेच सेकंद धरू नका, हे दोन्ही तुकडे धरा.

४८ हा आकडा दिसतो तेवढा अशक्य नाही. बाकी होत्या दहा फेऱ्या, आणि एकविसाव्या फेरीत त्याने दोघांनाही मागे टाकलं. म्हणजे साधारण साडेआठ फेऱ्यांत ४८ सेकंद, फेरीला साडेपाचच्या थोडं वर. २२.८ किमीने भागा: किलोमीटरला पाव सेकंद. छोट्या ट्रॅकवर फेरीला साडेपाच सेकंद काढणं कल्पनेतही येत नाही. इथे ते किलोमीटरमागे पाव सेकंदावर येतं. लांब फेरीत ड्रायव्हरचा फरक साठत जातो, म्हणून ही शर्यत इथेच घडू शकली.

विसाव्या फेरीत त्याने ९:१७.४ ची वेळ दिली, सरासरी १४७ किमी प्रतितास. शर्यतीपूर्वीचा विक्रम त्याचाच, १९५६ चा, ९:४१.६. सरावातली त्याची पोलची (पहिल्या जागेवरून सुरुवात मिळवून देणारी) वेळ ९:२५.६. म्हणजे तीन तास चालवलेल्या गाडीतून पोलपेक्षा ८.२ सेकंद जलद. नंतर त्याने सांगितलं होतं की काही वळणं तो नेहमीपेक्षा वरच्या गिअरमध्ये घेत होता. हे सिम्युलेटरमध्ये करून बघण्यासारखं आहे. वरच्या गिअरमध्ये मागच्या चाकांवर ओढ कमी येते, गाडी घसरते पण फिरत नाही, आणि बाहेर पडताना वेग टिकलेला असतो. मात्र आत शिरण्याचा वेग चुकीचा असेल तर सावरायला इंजिन हाताशी नसतं.

आता फेरारी. दोन कारणं. पहिलं, हॉथॉर्न आणि कॉलिन्स एकमेकांशी झुंजत होते, आघाडी आलटून पालटून घेत होते. दोन गाड्या अशा भांडल्या की दोघींची फेरी लांबते. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं, ते म्हणजे ड्रायव्हरला अंतर सांगणाऱ्या पिटच्या फलकाला लागणारा उशीर. फेरारी पिटसमोरून जाते तेव्हा फांजिओ अजून मागे जंगलात आहे. या फेरीतलं अंतर किती हे पिटला तो येईपर्यंत कळतच नाही. म्हणून मुख्य सरळीवर जो फलक दाखवतात त्यावरचा आकडा मागच्या फेरीचा असतो, साडेनऊ मिनिटं जुना. तो फेरीला आठ सेकंद खात असेल तर फलक आठ सेकंद खोटा. थांब्यानंतर नवे टायर आणि भरलेली टाकी घेऊन फांजिओच्या पहिल्या फेऱ्या काही भयंकर जलद नव्हत्या. फेरारीच्या पिटला धोका दिसला नाही, आणि दिसला तेव्हा फेऱ्या उरल्या नव्हत्या. शिवाय कडक टायरवर फेरारीकडे वाढवायला वेगही फारसा शिल्लक नव्हता.

निकाल: फांजिओ ३ तास ३० मिनिटं ३८.३ सेकंद, हॉथॉर्न ३.६ सेकंद मागे, कॉलिन्स ३५.६ सेकंद मागे. त्याचं पाचवं विश्वविजेतेपद त्याच दिवशी पक्कं झालं, वय ४६. विश्वविजेतेपदाच्या ग्रां प्रीमधला हा त्याचा शेवटचा विजय.

जुनीशर्यत:

पिटबोर्ड यांनी छान मांडलंय. एक पुरवणी: याच रस्त्यावर २२ वर्षं आधी जवळजवळ हेच घडलं होतं, फक्त टायरची बाजू उलटी.

२८ जुलै १९३५, तेवढ्याच २२ फेऱ्या. ड्रायव्हर नुव्होलारी जुन्या अल्फा रोमिओ पी ३ मध्ये, समोर मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्या. अर्ध्यावर इंधन भरायला थांबला तर दाबाने इंधन ढकलणारा पंप मोडला आणि डबे ओतून टाकी भरावी लागली. २ मिनिटं १४ सेकंद गेले. फोन ब्राउखिचची मर्सिडीज त्याच सुमारास ४७ सेकंदांत निघून गेली होती. नुव्होलारी सहाव्या जागी फेकला गेला आणि तिथून एकेक करत दुसरा आला.

शेवटच्या फेरीत शिरताना फोन ब्राउखिच अर्ध्या मिनिटाने पुढे होता, पण मागचा डावा टायर झिजून आतला थर दिसू लागला होता. थांबला तर आघाडी जाणार, म्हणून तो चालत राहिला. टायर फुटला आणि मर्सिडीज रिमवर खडखडत पाचवी आली. जिंकला नुव्होलारी. ताकद जास्त, गाडी जड, ड्रायव्हर टायरवर निर्दय, २२.८ किमीच्या फेरीत हे बिल कुठेतरी वसूल होतंच. आणि फेरी लांब असली की निर्णयाची किंमतही वाढते. पिटचं तोंड चुकलं की पुढची संधी दहा-अकरा मिनिटांनी.

चढउतार, १९५७ च्या थांब्यातून शिकायचं ते हेच: थांबा कधी घ्यायचा हे एक फेरी आधी ठरवून ठेवा.

तिसरा_गिअर:

तिसरा प्रश्न माझा.

आधी एक गैरसमज. वळणं ७३ आहेत, ४० उजवी आणि ३३ डावी, पण वेळ ७३ ठिकाणी सारखा वाटलेला नाही. ज्या वळणानंतर लांब पूर्ण थ्रॉटल आहे तिथून बाहेर पडण्याचा वेग पुढे किलोमीटरभर सोबत राहतो. अशा दोन जागा सगळ्यात मोठ्या: बेर्गवेर्क आणि गाल्गनकोप्फ.

बेर्गवेर्क हे दरीच्या तळातून वर येतानाचं उजवं वळण. पुढे केसेलखेनचा लांब चढ, जवळपास कारुसेलपर्यंत. इथे आत उशिरा वळा, अगदी चिडचिड होईल इतकं उशिरा, आणि बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर सरळ करून थ्रॉटल पूर्ण द्या. लवकर वळलात तर बाहेरच्या कडेला रस्ता संपतो, थ्रॉटल सोडावा लागतो आणि चढावर हरवलेला वेग परत मिळत नाही. गाल्गनकोप्फ म्हणजे दुहेरी उजवं, त्याच्यापुढे डॉटिंगर ह्योहेची दोन किलोमीटरहून लांब सरळ. साधा गुणाकार करा: दोन किमी २०० च्या सरासरीने ३६ सेकंद, २०५ च्या सरासरीने ३५.१. एका वळणातून नीट बाहेर पडल्याचे ०.९ सेकंद. हाट्सेनबाखच्या नागमोडीत जिवावर उदार होऊन एवढे मिळणार नाहीत.

आता गाडी कुठे जाते ते. पाच-सहा किलोमीटरचं तुम्ही म्हणता, ते बहुधा फुक्सऱ्योहरेनंतरचं आडेनाउअर फोर्स्ट असणार. फुक्सऱ्योहरे हा तीव्र उतार, तळाशी गाडी सस्पेन्शनवर दाबून बसते, मग रस्ता एकदम वर. चढामुळे वेग आपोआप उतरतोय असं वाटतं आणि ब्रेकला उशीर होतो. पुढे माथ्यापलीकडे न दिसणारं डावं आणि लगेच घट्ट डावं-उजवं. उपाय असा की तळाशी दाब बसताना ब्रेकला हात लावू नका. गाडी वर चढू लागली आणि स्प्रिंग मोकळ्या झाल्या की सरळ रेषेत ब्रेक दाबा, गाडीचं तोंड डावीकडे वळवण्याआधी. माथा ओलांडताना वेग आधीच उतरलेला हवा.

हाच नियम फ्लुगप्लाट्झ आणि फ्लान्त्सगार्टनला. दोन्हीकडे माथ्यावर चाकं हलकी होतात, जुन्या गाड्यांची तर चारही चाकं जमीन सोडायची. हलक्या चाकांवर ब्रेक लावला की ती अडकतात आणि खाली टेकताना गाडी आडवी असते. ब्रेक माथ्याआधी, माथ्यावर स्टिअरिंग सरळ, टेकल्यावर वळण. फ्लान्त्सगार्टनला हे चुकणं किती महाग पडतं याची नोंद इतिहासात आहे: १९५८ च्या शर्यतीत पीटर कॉलिन्सचा जीवघेणा अपघात इथेच झाला, आणि १९८३ मध्ये १००० किमीच्या शर्यतीत आघाडीवर असलेला श्टेफान बेलोफ इथेच आपटला.

कारुसेल हे एकच वळण असं आहे की जिथे हिमतीपेक्षा अचूकता लागते. डावं वळण, आतल्या बाजूला काँक्रीटचा उतरता पट्टा, मुळात पाणी वाहून नेण्यासाठीचा. चढावरून येताना आत शिरण्याची जागा दिसत नाही. म्हणून समोरच्या झाडांच्या रांगेत उंच झाडाकडे रोख धरायची जुनी रीत होती. पट्ट्यात चारही चाकं घाला. शेवटपर्यंत आत थांबू नका, पट्टा संपण्याआधीच बाहेर निघा, नाहीतर कडेची पायरी मागचं चाक उडवते. सस्पेन्शन फार कडक ठेवलंत तर गाडी काँक्रीटच्या सांध्यांवर नाचते आणि पकड जाते.

शिकायची पद्धत: पूर्ण फेऱ्या मारत बसू नका. फेरी सहा तुकड्यांत तोडा: सुरुवात ते फ्लुगप्लाट्झ, तिथून आडेनाउअर फोर्स्ट, मग ब्राइडशाइडचा पूल, मग कारुसेल, मग फ्लान्त्सगार्टन, मग शेवट. आधी कमी ताकदीची गाडी घ्या, टाकीत दोन फेऱ्यांपुरतं इंधन. हळू गाडीत पुढचा माथा कोणत्या बाजूला वळतो हे डोक्यात बसतं. वेग नंतर येतो.

२५० एफवर आलात की तीन गोष्टी बदलतात. त्या काळच्या टायरच्या थरांची रचना आजच्या रेडियलपेक्षा वेगळी, त्यांची सर्वाधिक पकड गाडी बरीच तिरकी घसरत असताना मिळते. आजच्या सवयीने घसरण दिसताच स्टिअरिंग उलटं फिरवलंत तर वेळ वाया जाईल. घसरण थ्रॉटलने धरून ठेवा. दुसरं, ब्रेक ड्रमचे. कालेनहार्टपासून वेर्सायफेन आणि ब्राइडशाइडपर्यंत सलग उतार आहे, तिथे ड्रम तापून ब्रेक मऊ पडतात. लवकर, हलका ब्रेक आणि खालचा गिअर. तिसरं, १९५७ ला कडेला लोखंडी कठडे नव्हते. झुडपं, खंदक, झाडं. १९७० मध्ये ड्रायव्हरांनी नकार दिला, शर्यत हॉकेनहाइमला गेली आणि त्यानंतरच कठडे आले व काही उंचवटे छाटले गेले. आजच्या ट्रॅकवरचे उड्यांचे बिंदू जुन्याला तंतोतंत लागू होत नाहीत.

ओलाटायर:

पावसाचं कोणी काढलं नाही. इथे सगळ्यात मोठे फरक पावसाने पाडले आहेत.

फेरी इतकी लांब आणि उंचीचा फरक सुमारे ३०० मीटर, त्यामुळे पिटवर कोरडं आणि बेर्गवेर्कला ओलं हे नेहमीचं. झाडांच्या सावलीतला रस्ता उशिरा सुकतो. टायरची निवड नेहमी एका भागासाठी बरोबर आणि दुसऱ्यासाठी चुकीचीच असते, चुकीचा भाग किती लांब एवढंच ठरवायचं.

१९६१ ला स्टर्लिंग मॉसने हेच ओळखलं. कमी ताकदीची लोटस, समोर फेरारी १५६. रस्ता सुकत असताना त्याने पावसाचे डनलॉप टायर ठेवले. कोरड्यात ते तापून तुकडे पडायचा धोका होता, पण शेवटी पाऊस आला आणि तो जिंकला. १९६८ ला पाऊस आणि धुकं दोन्ही. जॅकी स्ट्युअर्ट मनगटाचं हाड मोडलेलं असताना, मात्रा कंपनीच्या गाडीत, दुसऱ्या आलेल्या ग्रॅहम हिलपेक्षा ४ मिनिटांहून जास्त पुढे. धुक्यात पहिला असण्याचा फायदा मोठा, समोर कोणाच्या चाकांचा फवारा नाही.

आणि १ ऑगस्ट १९७६. बहुतेकांनी पावसाचे टायर लावून सुरुवात केली, योखेन मासने कोरड्याचे लावले आणि त्याची निवड बरोबर ठरली. पहिल्या फेरीनंतर बाकीचे पिटमध्ये आले, त्यांत निकी लाउडाही होता. दुसऱ्या फेरीत बेर्गवेर्कच्या आधीच्या जलद डाव्या वाकणावर त्याची फेरारी सुटली, कडेच्या बांधावर आदळून पेटली आणि परत रस्त्यावर आली. मदत पथक पोहोचण्याआधी त्याला बाहेर काढलं ते मागून आलेल्या ड्रायव्हरांनी: मेर्झारिओ, एर्टल, लंगर आणि एडवर्ड्स. शर्यत थांबवून पुन्हा सुरू केली, मासची कमावलेली आघाडी गेली आणि जेम्स हंट जिंकला.

२२.८ किमीच्या रस्त्यावर प्रत्येक वाकणाजवळ अग्निशमन आणि डॉक्टर ठेवणं शक्य नव्हतं, हे तिथलं मूळ दुखणं. फॉर्म्युला वनची गाडी त्यानंतर नॉर्डश्लाइफवर ग्रां प्रीसाठी आली नाही. वेगाचं म्हणाल तर १९७५ ला लाउडानेच पोलला ६:५८.६ दिली होती, सात मिनिटांच्या आतली तिथली एकमेव ग्रां प्री पोल.

चढउतार:

भरपूर मिळालं, मनापासून आभार. आडेनाउअर फोर्स्टचं निदान अचूक आहे, तळाशीच ब्रेक पडत होता. एकच शंका: ९:१७.४ ची तुलना ६:५८.६ शी करता येते का? आणि बेलोफच्या ६:११ शी?

पिटबोर्ड:

सरळ नाही करता येत. १९६७ ला पिटच्या आधी होहेनराइनची शिकेन (वेग उतरवायला लावणारी घट्ट वळणांची जोडी) बसवली आणि फेरी २२.८३५ किमी झाली, म्हणजे २५ मीटर वाढली आणि एक हळू जागा आली. लाउडाची वेळ त्या लांबीवर, शिवाय १९७१ नंतरच्या गुळगुळीत रस्त्यावर. बेलोफची ६:११.१३ ही १९८३ च्या सरावातली पोर्श ९५६ ची वेळ, तेव्हा नव्या ट्रॅकच्या बांधकामामुळे जुना पिट गेला होता, फेरी २०.८३२ किमी, सरासरी २०२ किमी प्रतितास. तिमो बेर्नहार्टची २०१८ ची ५:१९.५४६ ही पोर्श ९१९ मधली, तीही छोट्या फेरीवर आणि कोणत्याही शर्यतीच्या नियमांत न बसणाऱ्या गाडीत.

फांजिओच्या वेळेशी प्रामाणिक तुलना हवी असेल तर १९५८ बघा. तोच रस्ता, तीच लांबी, अल्कोहोल बंद. मॉसने व्हॅनवॉलमध्ये ९:०९.२ दिली. व्हॅनवॉलला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, ते ड्रमइतके तापून मऊ पडत नाहीत. सिम्युलेटरमध्ये दोन्ही गाड्या मिळत असतील तर आधी वेर्सायफेनच्या उतारावर दोघींच्या वेळा मोजून बघा, तिथेच फरक दिसेल.